मुंबईची अभ्याससहल : काय पाहावे, कसे पाहावे

दिवाळीची सुटी संपली की राज्याच्या निरनिराळ्या भागांतून शालेय सहली मुंबईच्या दिशेने निघतात. ग्रामपंचायतींचे सदस्य आणि बचत गटांच्या भगिनीही याच सुमारास राजधानी पाहावयास येतात. यांपैकी अनेकांना समुद्राचे दर्शन प्रथमच घडत असते. असे असताना, रात्रभर प्रवास करून आलेल्या मुलांना एका दिवसात दहा-बारा स्थळांवरून फिरवून त्याच रात्री परत नेण्याचा प्रघात पडला आहे. मुले थकतात, बसमध्ये झोपी जातात आणि मुंबई खिडकीतून निघून जाते. थोडी पूर्वतयारी केली, तर याच खर्चात सहल हा एक उत्तम पाठ होऊ शकेल.

सात बेटांचे शहर

निघण्यापूर्वी वर्गात मुंबईचा नकाशा लावावा. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही मूळची सात बेटे. १५३४ मध्ये ती गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली, १६६१ च्या विवाहकरारान्वये इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली आणि १६६८ मध्ये वर्षाला अवघ्या १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली. पुढे बांध घालून, भर टाकून बेटे एकमेकांस जोडण्यात आली. आपण पाहावयास जात आहोत, त्या भूमीचा बराच भाग माणसाने समुद्राकडून मिळविलेला आहे, एवढे ध्यानी आले तरी मुलांची दृष्टी बदलते.

पहिला दिवस : पायी मुंबई

दक्षिण मुंबई बसमधून नव्हे, पायी पाहावी. आरंभ छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून करावा. येथील बोरीबंदर स्थानकातून १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी आगगाडी ठाण्याकडे निघाली. सध्याची वास्तू १८८८ मध्ये पूर्ण झाली आणि २००४ मध्ये तिचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथून दक्षिणेकडे थोडे चालल्यावर हुतात्मा चौक लागतो. संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण वेचणाऱ्यांचे हे स्मारक पाहताना, १ मे १९६० हा दिवस कोणत्या किमतीस लाभला, हे शिक्षकांनी येथेच सांगावे.

जवळच ओव्हल मैदान आहे. मैदानाच्या मधोमध उभे राहून दोन्ही बाजूंस पाहावे. पूर्वेस उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर अशा एकोणिसाव्या शतकातील दगडी, उंच कमानींच्या वास्तू. पश्चिमेस विसाव्या शतकातील गोलाईदार सज्ज्यांच्या इमारती. या पश्चिमेच्या इमारती व त्यांपलीकडील मरीन ड्राइव्ह समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर उभे आहेत. दोन शतकांमधील एवढे स्पष्ट अंतर एका मैदानावरून क्वचितच दिसते. २०१८ मध्ये या वास्तुसमूहासही जागतिक वारशाचा मान मिळाला.

अकरा ते चार ही वेळ कडक उन्हाची. या काळात मुलांना उघड्यावर फिरवू नये; छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासाठी ती राखून ठेवावी. उन्हे उतरली की १९२४ मध्ये पूर्ण झालेले गेट वे ऑफ इंडिया पाहावे आणि सूर्यास्तास मरीन ड्राइव्हवर यावे.

दुसरा दिवस : घारापुरी किंवा कान्हेरी

दोन्ही लेणी एकाच दिवशी उरकण्याचा मोह टाळावा. सोमवारी दोन्ही ठिकाणे बंद असतात, हे तारीख ठरवितानाच लक्षात घ्यावे. घारापुरीस गेट वेवरून बोटीने सुमारे एक तास लागतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावरील प्रवासी बोटीच्या अपघातात जीवितहानी झाली. म्हणून प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट अंगात घातल्याखेरीज बोट सुटू देऊ नये. बोट भरलेली दिसल्यास पुढच्या बोटीची वाट पाहावी.

कान्हेरीची लेणी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत. तेथील शंभराहून अधिक लेण्यांबरोबरच खडकात खोदलेले पन्हळ आणि पाण्याची टाकी अवश्य दाखवावीत. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी साठवून भिक्षूंनी वर्षभराची सोय केली होती. जलसंधारणाचा याहून बोलका पाठ कोणता?

येथून पंचायत सदस्यांनी आणखी एक विचार करावा. याच उद्यानातील विहार तलावाने १८६० पासून मुंबईस पाणी पुरविले. शहर वाढले, तसे पाणी दूरून आणावे लागले. आज तानसा व भातसा ठाणे जिल्ह्यातून, तर ऊर्ध्व वैतरणा नाशिक जिल्ह्यातून मुंबईची तहान भागवितात. तानसा-भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील काही पाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईच्या नळाचे पाणी कोणाच्या शिवारातून येते, हा प्रश्न मुलांच्या वहीत असलाच पाहिजे.

भरतीचे सोपे गणित

चौपाटीवर होणारे अपघात बहुधा भरतीच्या अज्ञानातून होतात. किनाऱ्यावरील कोळी बांधव तिथीवरून भरतीची वेळ सांगतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे मिळते. समजा, सहलीच्या दिवशी चतुर्थी आहे. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे व दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येस भरती दुपारी बाराच्या आसपास येते व तीच सर्वांत मोठी असते. हे गणित मुलांकडून वर्गातच करून घ्यावे. मात्र ते केवळ अंदाजासाठी आहे. प्रसिद्ध झालेले भरतीचे वेळापत्रक पाहावे आणि जीवरक्षकांची सूचना अंतिम मानावी. पावसाळ्यात मुलांना पाण्यात उतरवूच नये.

लोकलमधील दक्षता

लोकलचा प्रवास हा सहलीचा आनंदाचा भाग आहे. परंतु सकाळी दक्षिणेकडे व सायंकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांना अतोनात गर्दी असते. दुपारची वेळ निवडावी. दहा-दहा मुलांचे गट करून प्रत्येकाबरोबर एक मोठी व्यक्ती द्यावी. प्रत्येक मुलाच्या खिशात शाळेचे नाव, उतरण्याचे स्थानक आणि शिक्षकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. एखादा मागे राहिलाच, तर त्याने त्याच फलाटावर थांबावे, हे आधीच ठरलेले असावे.

दुपारच्या सुमारास चर्चगेट स्थानकाबाहेर थोडे थांबल्यास डबेवाल्यांचे काम पाहावयास मिळते. कोळीवाड्यात गेल्यास ती कोणाची तरी वस्ती आहे हे विसरू नये. छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी विचारावी.

परतल्यावर

सहलीनंतरच्या आठवड्यात प्रत्येकाकडून, आपण पाहिले काय आणि आपल्या गावाचा त्याच्याशी संबंध काय, असे दोन परिच्छेद लिहून घ्यावेत. गिरणीत गेलेले आजोबा, बाजारात जाणारी भाजी, धरणात गेलेली जमीन असे धागे बहुतेक गावांत सापडतात. मुंबई ही महाराष्ट्राची राजधानी आहे, हे पुस्तकात वाचलेले वाक्य तेव्हा मुलांना आपलेसे वाटू लागेल आणि सहलीवर झालेला खर्च सार्थकी लागेल.