जुना कॉम्प्युटर बदलण्याआधी एक पेन ड्राइव्ह लावून बघा



मसाल्यांचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न होता, "सर, कॉम्प्युटर फार स्लो झालाय. विंडोज ११ त्यावर बसत नाही म्हणतात. कर्ज काढून नवीन घेऊ का?" मशीन दहा वर्षांचं, रॅम ४ जीबी. मी म्हटलं, ताई, थांबा. दिवाळीच्या मालाला भांडवल लागणार आहे.

विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला कागदावर ४ जीबी रॅम चालते. अडतं ते टीपीएम २.० आणि प्रोसेसरपाशी. जुगाड करून बसवून देणारे आहेत, पण ज्या मशीनवर तुमची बिलं आणि बँक चालते, तिथे मी तो सल्ला देणार नाही.

आता स्लो का होतं? रॅम भरली की कॉम्प्युटर उरलेलं सामान डिस्कवर ठेवतो. जुनी फिरती हार्ड डिस्क मुळात संथ, म्हणून सगळं अडकतं. तिच्या जागी एसएसडी टाकली की निम्मं दुखणं जातं.

उरलेल्यासाठी लिनक्स मिंट, त्यातली एक्सएफसीई आवृत्ती. फुकट आहे, किमान २ जीबी रॅम मागते, ४ जीबीवर रोजचं काम होतं. (ब्राउझरचे वीस टॅब उघडाल तर कुठलीच सिस्टीम वाचवणार नाही!) आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. इन्स्टॉल करेपर्यंत डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय, प्रिंटर, मराठी टायपिंग तिथेच तपासा.

पण तुमचा हिशोब टॅलीवर असेल, तर या वाटेला जाऊ नका. टॅली विंडोजसाठी बनलंय. जीएसटीसाठी डिजिटल सही वापरत असाल तर आधी सीएंना विचारा. ताईंचं सगळं एक्सेलमध्ये होतं, त्या फाइल लिबरऑफिसमध्ये उघडल्या.

आणि बॅकअप! मी स्वतः एकदा घाईत भलतीच डिस्क फॉरमॅट केलीय. दोन वर्षांच्या ग्राहकांचे नंबर गेले.

ताईंचं मशीन आता बरं चालतं. फक्त लेबल प्रिंटर ऐकत नाही, कंपनीने लिनक्सचा ड्रायव्हरच दिलेला नाही. लेबलं तूर्त शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून निघतात.