जहाजाच्या पोटात

आमच्या वर्गात एक काकी येतात. वय साठीच्या पुढे. त्यांचा मुलगा बोटीवर कामाला आहे. आमच्या कोकणात समुद्रावरच्या नोकरीला ‘बोटीवर जाणे’ म्हणतात. मग जहाज केवढेही मोठे असो, ती बोटच.

एक दिवस काकी म्हणाल्या, “गुरुजी, फोनवर इचारलं तर म्हणतो, ‘आये, मी खाली इंजिनात असतो.’ खाली म्हंजे कुठं? आणि तिथं हा करतो काय?”

प्रश्न साधा होता. पण आम्हाला धड उत्तर देता येईना. जहाज आम्ही पाहिले होते ते धक्क्यावरून. पांढरेशुभ्र, चकचकीत, सातमजली इमारतीसारखे. त्याच्या पोटात काय असते, कोणाला ठाऊक! मग आम्ही पुस्तके काढली, चित्रे पाहिली, एका अपघाताचा चौकशी-अहवालही वाचला. त्यातून हा धडा तयार झाला.

इंजिन रूममध्ये, म्हणजे इंजिनांच्या खोलीत, प्रवाशांना सहसा जाऊ देत नाहीत. तेव्हा आपण कागदावरूनच खाली उतरू. तिकीट नको आणि पोटात मळमळही नको.

आपण जे जहाज पाहणार, त्याचे नाव ‘क्वीन मेरी २’. ते फ्रान्समध्ये सेंट नझेर या गावी बांधले. २००४ सालच्या जानेवारीत ते पहिल्या सफरीला निघाले. लांबी ३४५ मीटर. म्हणजे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जायचे तर चार-पाच मिनिटे लागतील. प्रवासी सुमारे २,७०० आणि काम करणारी माणसे १,२०० च्या वर. आपल्याकडचे एखादे बऱ्यापैकी गाव उचलून पाण्यावर ठेवले, असे समजा.

जहाजात शिरताना एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती विसरण्यासारखी नाही. जहाज बांधून होत आले होते. गोदीतल्या कामगारांच्या घरच्यांना ते पाहायला बोलावले होते. आपल्या माणसाने काय बांधले ते पाहायला लोक हौसेने आले. तारीख होती १५ नोव्हेंबर २००३. जहाजात जायला लावलेला पूल माणसांसकट कोसळला. १६ जण मेले. म्हणून कठडा धरून चला.

वरचे मजले आपण भराभर मागे टाकू. तिथे गालिचे आहेत, पुस्तकालय आहे, नाटकगृह आहे. त्यांची वर्णने पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतात. आपल्याला हवे आहे ते दार कामगारांच्या वाटेवर आहे. ते उघडले की गालिचा संपतो आणि लोखंडी जिना सुरू होतो. जिना उभा असतो. तोंड जिन्याकडे करून, दोन्ही हातांनी धरून उतरायचे. आता आपण समुद्राच्या पातळीच्या खाली आलो. भिंतीच्या पलीकडे पाणी आहे.

वाटेत जाड पोलादी दारे लागतात. ही दारे बाजूला सरकतात. एका खोलीत पाणी शिरले तर ते दुसऱ्या खोलीत जाऊ नये, म्हणून ती बसवलेली असतात. दार सरकू लागले की मधून घुसायचे नाही. ते माणूस पाहून थांबत नाही. घाई करणारे अशा दारांत चिरडले गेले आहेत.

इथे कानांवर जाड टोप्या घालायच्या. आत आवाज इतका असतो की शेजारच्याचे ओरडणेही ऐकू येत नाही. माणसे हाताच्या खुणांनी बोलतात. उकाडा तर विचारू नका. वैशाखातली भर दुपार, त्यात पत्र्याचे छप्पर, आणि वर तेलाचा वास.

आणि हे पाहा इंजिन. अशी चार आहेत.

शेतातले पाच हॉर्सपॉवरचे ऑईल इंजिन आपण सगळ्यांनी पाहिले आहे. विहिरीवर टकटक करत पाणी उपसते ते. त्यातही डिझेल जळते आणि दट्ट्या खालीवर होतो. इथेही तेच. फरक आकाराचा. आपल्या इंजिनाला एक सिलिंडर, याला १६. प्रत्येक सिलिंडरचे तोंड ४६ सेंटिमीटर रुंद, पाण्याची घागर आत सहज जाईल. एका इंजिनाची ताकद सुमारे २२,५०० हॉर्सपॉवर. म्हणजे आपली ४,५०० पंपाची इंजिने एका जागी!

ही इंजिने जड तेल जाळतील अशी बांधली आहेत. हे तेल डांबराच्या भावासारखे असते. थंड असले तर वाहतच नाही. ते आधी तापवावे लागते, तेव्हा कुठे पातळ होते. मग ते गरगर फिरणाऱ्या यंत्रातून काढतात. डेअरीत दुधातून साय वेगळी काढायचे यंत्र असते ना, अगदी तसेच. तेल एकीकडे, पाणी आणि गाळ दुसरीकडे. हा गाळ साफ करणे, सांडलेले तेल पुसणे, ही कामे खालच्या हुद्द्याची माणसे करतात. त्यातल्या एका हुद्द्याचे नावच ‘वायपर’, म्हणजे पुसणारा. नाव हलके वाटेल. पण तापलेल्या नळावर तेल सांडले तर आग लागते. जहाजावर आग लागली तर पळून कुठे जाणार?

दुसरे तेल वंगणाचे. ते जळण्यासाठी नाही. फिरणाऱ्या भागांचे घर्षण कमी व्हावे, म्हणून ते इंजिनात खेळवतात. ते खालच्या टाकीत जमते, तिथून पंप ते पुन्हा वर ओढतो. या तेलाची पातळी पाहणे हे रोजचे काम. काकींना वाटले, तेल बघायचे त्यात काय एवढे? तर ऐका.

‘वायकिंग स्काय’ नावाचे दुसरे एक प्रवासी जहाज २३ मार्च २०१९ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळून चालले होते. वादळ होते. जहाजावर १,३७३ माणसे होती. चार इंजिनांपैकी एक नादुरुस्त, तीन चालू. टाक्यांत वंगणाचे तेल असायला हवे त्यापेक्षा कमी होते. जहाज हेलकावे खाऊ लागले, तसे तेल टाकीच्या या कडेला, त्या कडेला जाऊ लागले. पंपाला तेल मिळेना. तेलाचा दाब उतरला आणि तिन्ही इंजिने आपोआप बंद पडली. बिनतेलाची चालली असती तर मोडलीच असती, म्हणून तशी सोय केलेली असते. पण समोर खडक होते! नांगर टाकले, ते धरेनात. सुमारे ४० मिनिटांनी थोडी ताकद परत आली, तेव्हा जहाज खडकांपासून फार तर एका जहाजाच्या लांबीइतके दूर होते. हेलिकॉप्टरांनी ४७९ माणसे एकेक करून उचलून नेली. बाकीच्यांना घेऊन जहाज दुसऱ्या दिवशी बंदराला लागले.

हे ऐकून वर्गात कोणी बोलेना. आपण पुढे चलू.

आता एक गंमत. इतकी मोठी इंजिने आहेत, तर ती पंखा फिरवत असतील, असे आपल्याला वाटते. जहाजाला पुढे लोटणारा पंखा, हो. पण क्वीन मेरीत इंजिनाचा दांडा पंख्यापर्यंत जातच नाही. इंजिन वीज तयार करते, एवढेच त्याचे काम. इंजिन रूम म्हणजे खरे तर वीजघर आहे. ही वीज ११,००० व्होल्टची. आपल्या गावाबाहेरच्या डीपीपर्यंत येते तशीच. तारांतून ती मागे जाते. तिथे जहाजाच्या तळाखाली, बाहेर पाण्यात, मोठ्या भोपळ्यासारखी चार घरे टांगलेली आहेत. प्रत्येकात एक विजेची मोटार आणि मोटारीला पंखा. मागची दोन घरे गोल फिरतात. जिकडे वळायचे तिकडे पंख्याचे तोंड करायचे. म्हणून या जहाजाला सुकाणू नाही! आमच्या वर्गातल्या एका तांडेलांना हे पटेना. “सुकाणवाशिवाय होडी कशी?” ते पुनःपुन्हा विचारत होते.

पंख्याची जादा पाती वर पुढच्या डेकवर ठेवलेली आहेत, एकूण आठ. पात्याला इजा झाली तर बदलायला.

चार इंजिनांची वीज पुरेना, म्हणजे जहाज जोरात न्यायचे असले, तर आणखी दोन यंत्रे आहेत. ती गॅस टर्बाइन. विमानाच्या इंजिनावरूनच ती बनवली आहेत. ती खाली नसून वर धुराड्यापाशी आहेत, कारण त्यांना हवा फार लागते.

इंजिनांपासून जी उष्णता उरते, ती वाया घालवत नाहीत. बहुतेक तिच्यावरच समुद्राचे पाणी गोडे करतात. खारे पाणी उकळायचे, वाफ थंड करायची, मीठ मागे राहते. भांड्यातली हवा काढून घेतली की पाणी कमी तापातही उकळते, ही त्यातली युक्ती. दिवसाला सरासरी ११ लाख लिटर पाणी असे तयार होते. दहा हजार लिटरचे ११० टँकर झाले. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या वर्गातल्या बायका यावर बराच वेळ बोलत होत्या. त्यांचे बोलणे इथे लिहीत नाही.

शेवटी कंट्रोल रूम. इथे थंडगार आहे. कानांवरच्या टोप्या काढा. पडद्यांवर आकडे दिसतात : कोणत्या इंजिनाचा ताप किती, तेलाचा दाब किती, वीज किती. काही बिघडले की भोंगा वाजतो. माणसे पाळीने बसतात. पाळीला ‘वॉच’ म्हणतात. चार तास काम, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास. पाळी संपली की नोंदवहीत लिहायचे, मग दुसऱ्याच्या हाती सोपवायचे.

आता त्या अहवालाची हकीकत. २३ सप्टेंबर २०१० ची पहाट. क्वीन मेरी २ स्पेनमधल्या बार्सिलोना बंदराच्या जवळ येत होती. चार वाजून २५ मिनिटांनी मागच्या एका खोलीत स्फोट झाला. काही सेकंदांत चारही मोटारी थांबल्या. मग वीज गेली. ३४५ मीटर लांबीचे जहाज अंधारात, निव्वळ तरंगत.

काय फुटले होते? घरचा पंखा हळू फिरू लागला की आपण म्हणतो, ‘कंडेन्सर गेला.’ शंभरएक रुपयांत नवा बसवतो. तसाच कंडेन्सर, पण खूप मोठा. या मोटारींचा वेग कमी-जास्त करताना विजेत एक प्रकारची थरथर येते. ती गाळून घ्यायला असे कंडेन्सर लावलेले होते. त्यातला एक आतून हळूहळू खराब होत गेला. आत ठिणग्या पडू लागल्या, वाफ कोंडली आणि तो फुटला.

दैव बरे, आसपास खडक नव्हते, दुसरे जहाज नव्हते. कोणाला इजा झाली नाही. आग विझवणारे पाण्याचे फवारे आपोआप सुरू झाले. संकटकाळचा वेगळा जनरेटरही आपोआप सुरू झाला. खालच्या माणसांनी बिघडलेला भाग तोडून वेगळा केला, इंजिने पुन्हा चालू केली. ५ वाजून २३ मिनिटांनी जहाज मार्गाला लागले. अठ्ठावन्न मिनिटे.

ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने चौकशी केली. त्यात एक गोष्ट निघाली. कंडेन्सर खराब होत असेल तर आधी सूचना देणारी एक यंत्रणा तिथे होती. दुसरा कोणताही इशारा मिळण्याची सोय नव्हती, ही एकच. आणि ती बंद होती. आज-काल नव्हे, कित्येक वर्षे बंद होती. आमच्या मते स्फोटापेक्षा हीच गोष्ट मोठी आहे. इतकी वर्षे किती पाळ्या आल्या, किती गेल्या!

काकींनी धडा दोनदा वाचून घेतला. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतः वाचला, बोट ठेवून, अडखळत. रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, “बाबू, तुमच्या बोटीवर खालच्या टाकीत वंगण किती हाय, ते कोण बघतं?”

पलीकडे जरा वेळ आवाज नाही. मग तो म्हणाला, “आये, तुला हे कुणी सांगितलं?”

“ते राहू दे. कोण बघतं?”

“मीच बघतो. दर वॉचला.”

“आणि लिवून ठेवतोस?”

“ठेवतो गं.”