गोला, गलता आणि एक तुटलेली पट्टी

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चिकपेटेत आजोबांकडे होतो. कन्नडमध्ये चिक्क म्हणजे लहान आणि दोड्ड म्हणजे मोठा. शेजारचा अव्हेन्यू रोड म्हणजे पूर्वीचा दोड्डपेट. 1537 मध्ये केंपेगौडांनी बेंगळुरू वसवले तेव्हापासूनच्या या पेठा आहेत. पुढे 1638 मध्ये शहर विजापूरकरांकडे आले, शहाजीराजांना त्याची जहागीर मिळाली आणि या गल्ल्यांत मराठी बोलली जाऊ लागली. आजोबांचे दुकान फोटोला चौकटी करण्याचे आहे.

एके सकाळी भिंतीवरचा पणजोबांचा फोटो पुसताना तो माझ्या हातून निसटला. पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि 1941 मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत लढले होते. फोटो वाचला, पण काच फुटली आणि सागवानी चौकटीची डावी पट्टी मध्येच तुटली. पणजोबांची पुण्यतिथी नऊ दिवसांवर आली होती.

आजोबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "जा, अशीच पट्टी बाजारात मिळते का बघून ये." तुटलेला तुकडा खिशात घालून मी दिवसभर फिरलो. सोनेरी, चंदेरी, प्लॅस्टिकच्या पट्ट्या पुष्कळ होत्या, पण आमच्या पट्टीशी एकही जुळली नाही. संध्याकाळी आजोबा म्हणाले, "मिळणार नाही हे मला ठाऊक होते. ही चौकट मी शिकाऊ असताना केलेली पहिली. तिचा रंधा मी कधीच विकून टाकला. तयार पट्ट्या आल्यावर त्याला विचारतो कोण?"

मी म्हणालो, "मग चारही बाजू नव्या घालू या."

"तीन बाजू धड आहेत. जवान जखमी झाला म्हणून कोणी पलटण मोडतो का?" त्यांनी हात पुढे केले. अलीकडे ते थरथरतात. "मला जमणार नाही. मी सांगतो, तू कर."

नक्षी कशी वाचायची

दुसऱ्या दिवशी आजोबा मला टिपू सुलतानाच्या उन्हाळी महालात घेऊन गेले. चिकपेटेतून तिथे चालत जाता येते. 1781 मध्ये हैदरअलीने सुरू केलेला हा सागवानी महाल टिपूने 1791 मध्ये पुरा केला. खांबांकडे बोट दाखवून आजोबा म्हणाले, "बाहेर फुगलेला तो गोला, आत गेलेला तो गलता. मध्ये सपाट पट्टी असते, म्हणजे दोघांची सावली वेगळी पडते. सगळी नक्षी या तिघांतूनच होते."

घरी येऊन मी तुटलेल्या पट्टीचे टोक बारीक दातांच्या करवतीने सरळ कापले. कापलेल्या तोंडावर नक्षी स्पष्ट दिसली: बाहेरच्या कडेला गोला, मग अरुंद सपाट पट्टी, मग आतल्या बाजूला उतरत जाणारा गलता.

हत्यार कसे केले

गलत्याच्या रंध्याला लांब लाकडी अंग, तिरके पाते आणि पाचर लागते. तो घडवणे नवशिक्याचे काम नव्हे. त्याच्याऐवजी आजोबांनी मला 'खरवडणी' करायला लावली. दुकानात तिला हेच नाव आहे. थोड्याच लांबीची नक्षी हवी असेल तर ती पुरते.

पाते: जुन्या हातकरवतीचा तुकडा घेतला. मी विचारले, करवतच का? आजोबांनी उलट विचारले, "करवतीला धार कशाने लावतात?" कानशीने. म्हणजे करवतीचे पोलाद कानशीने घासले जाईल इतके मऊ, पण लाकूड कापत राहील इतके कठीण असते. आम्हांला नेमके असेच पोलाद हवे होते. यंत्राच्या दगडावर घासायला त्यांनी मनाई केली. पोलाद तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही.

पात्यावर शाई फासून मी पट्टीचे कापलेले तोंड त्यावर ठेवले आणि टोकदार खिळ्याने नक्षी ओरखडली. इथे डोके चालवावे लागते. पात्यावर आकार उलटा हवा. लाकडावर गोला हवा तिथे पाते पोकळ आणि गलता हवा तिथे पाते फुगीर. मग पाते वाईसमध्ये धरून गोल आणि सपाट कानशींनी रेघेपर्यंत घासले. कड तिरपी न करता पात्याशी अगदी काटकोनात ठेवली. शेवटी पात्याच्या दोन्ही सपाट बाजू तेलाच्या दगडावर घासल्या, म्हणजे कानशीची खर निघून जाते.

अंग: कठीण लाकडाचा वीतभर लांब ठोकळा घेतला आणि त्याला एका बाजूने खाच पाडली, म्हणजे त्याला काटकोनी आकार आला. आडवी बाजू लाकडाच्या माथ्यावर टेकते आणि उभी बाजू कडेला घासत चालते. उभ्या बाजूमुळे नक्षी कडेपासून सारख्याच अंतरावर राहते. आडव्या बाजूत करवतीने उभी फट पाडली, तीत पाते बसवले आणि दोन स्क्रूंनी आवळले. नक्षी जितकी खोल, तितकेच पाते खाली काढले. पूर्ण खोली झाली की अंग लाकडावर टेकते आणि कापणे आपोआप थांबते.

कसे चालवले

आजोबांनी एक पथ्य सांगितले: अरुंद पट्टी आधी कापायची नाही. रुंद फळीच्या कडेवर नक्षी काढायची आणि मग पट्टी कापून वेगळी करायची. अरुंद पट्टी हाताखाली वाकते आणि नक्षी बिघडते. जिथे जास्त लाकूड जायचे होते ते साध्या रंध्याने आधीच काढून टाकले. खरवडणीचे काम फक्त शेवटचा आकार देण्याचे.

पहिल्या दिवशी मी घाई केली. जोराने दाबले, तर पाते अडखळले आणि गोल्यावर आडव्या लाटा उठल्या. एका जागी लाकडाच्या रेषाही उपटून आल्या. ती फळी वाया गेली. आजोबा म्हणाले, "तू लाकडाशी भांडतोयस. हत्याराचे वजन पुरे आहे."

दुसऱ्या फळीच्या वेळी आधी रेषा कुठल्या दिशेला उतरतात ते पाहिले आणि त्याच दिशेने ढकलले. हत्याराचा माथा ढकलण्याच्या बाजूला किंचित झुकवला, म्हणजे पाते रुतत नाही. पहिल्या फेऱ्यांत जेमतेम ओरखडा उठला. मग केसासारखा बारीक कीस निघू लागला. किसाऐवजी पीठ पडू लागले की पाते बोथट झाले असे समजायचे. सागवानात वाळूसारखे कण असतात, त्यामुळे धार लवकर जाते. मला चार वेळा पाते काढून दगडावर घासावे लागले. आजचे राऊटर यंत्र मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे घेते आणि हे काम चुटकीसरशी करते. मला दोन संध्याकाळी लागल्या.

मग पट्टी कापली, मागे काचेसाठी खाच पाडली, दोन्ही टोके 45 अंशांत कापली आणि सरसाने चिकटवली. चौकट काटकोनात आहे का हे दोन्ही कर्ण मोजून पाहिले. कर्ण सारखे असले की चौकट बरोबर, हे भूमितीच्या तासाला शिकलो होतो, पण कामाला पहिल्यांदाच आले.

पुण्यतिथीला फोटो भिंतीवर गेला. डावी पट्टी इतर तिघींपेक्षा थोडी उजळ दिसते. मी म्हणालो, "आजोबा, रंग लावून जुळवू का?"

त्यांनी डोळे मिटले आणि जुन्या पट्टीवरून नव्या पट्टीवर हळूच बोट फिरवले. कोपऱ्यावर बोट कुठेच अडले नाही. "राहू दे," ते म्हणाले. "ती पहिली माझी होती, ही तुझी."

खरवडणी आता माझ्या ट्रंकेत आहे. पात्याचा दुसरा काठ अजून कोरा आहे. मित्रांनो, कुणाच्या घरी अशी एखादी तुटलेली चौकट असेल, तर तिचा तुकडा घेऊन या.