गूगलवरची जाहिरात : दुकानदाराने आशा किती ठेवावी?

सातारा आणि सांगलीच्या पेठांतून फिरताना अलीकडे एक प्रश्न आम्हाला वारंवार ऐकू येतो. "गूगलवर जाहिरात दिली तर धंदा वाढेल का?" विचारणाऱ्यांत कापडवाले आहेत, चप्पलवाले आहेत, फर्निचरचे कारागीर आहेत. आम्ही उलट विचारतो, "तुमच्या एका विक्रीत तुम्हाला सुटतात किती?" काहीजण यावर नाराज होतात. व्यापारी आपला नफा सहसा सांगत नाही. पण सगळा हिशेब तिथेच अडतो, म्हणून आज त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. तिथे 'इश्तिहार' हा शब्द शिकलो तेव्हा डोळ्यासमोर यायचा तो भिंतीवर चिकटवलेला कागद. रस्त्याने जाणारा प्रत्येकजण तो वाचतो, त्याला गरज असो वा नसो. शोधयंत्रावरची जाहिरात तशी नाही. गिऱ्हाईक मोबाइलवर स्वतः काहीतरी विचारते आणि त्या विचारण्याला उत्तर म्हणून आपले नाव समोर येते. याचा अर्थ असा की, ज्या मालाची कोणाला गरजच नाही त्याची मागणी ही जाहिरात निर्माण करीत नाही. जे गिऱ्हाईक आधीच शोधात निघाले आहे त्याला ती आपल्या दारापर्यंत आणते. दाराच्या आत आणणे, माल दाखवणे, भाव पटवणे ही कामे आपलीच.

गूगलने ही व्यवस्था 2000 साली सुरू केली. सांगलीच्या बाजार आवारात हळदीचे सौदे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ती लवकर समजेल. गिऱ्हाइकाने काही शब्द टाकले की त्या शब्दांवर क्षणार्धात लिलाव होतो. फरक इतकाच की, इथे केवळ जास्त बोली लावणारा वर जात नाही. जाहिरातीतला मजकूर गिऱ्हाइकाच्या प्रश्नाशी किती जुळतो, ती उघडल्यावर पुढे जे पान येते ते कामाचे आहे की नाही, हेही तोलले जाते. पैसे लागतात ते कोणी जाहिरातीवर बोट ठेवले तर, म्हणजे क्लिक केले तर. त्याने पुढे खरेदी केली की नाही याच्याशी गूगलला देणेघेणे नाही. वर 18 टक्के जीएसटी.

आता आमचीच फजिती सांगतो. तीन वर्षांपूर्वी एक एजंट आमच्या साताऱ्याच्या दुकानात आला. पहिल्या पानावर पहिला नंबर, तोही खात्रीने, असे त्याचे बोलणे. पुरावा म्हणून त्याने आमच्याच दुकानाचे नाव मोबाइलवर टाकले आणि काय आश्चर्य, दुकान पहिल्या नंबरावर! आम्ही खूश झालो. त्या नावाचे दुसरे दुकान गावात नाही, मग पहिले येणार नाही तर काय, हे रात्री हिशेब लिहिताना ध्यानात आले. तोवर पंधरा हजार रुपये देऊन झाले होते.

पुढचे दोन महिने फोन पुष्कळ आले. कोणाला सुरतेच्या भावात घाऊक साड्या हव्या होत्या, कोणी शिवणकामाची नोकरी विचारत होते, एकाने मुंबईहून कासच्या पठाराचा रस्ता विचारला. कारण एजंटने 'कापड' आणि 'सातारा' असे मोकळे शब्द घातले होते आणि कोणते शब्द वगळायचे ते सांगितलेच नव्हते. शिवाय ठिकाणाच्या बाबतीत गूगल आपण होऊन जी निवड ठेवते तिच्यात त्या गावात असलेले लोक येतात, तसे त्या गावाविषयी नुसती उत्सुकता दाखवणारेही येतात. ती बदलून 'त्या ठिकाणी असलेले लोक' एवढीच ठेवावी लागते. आमची ती तशीच राहिली होती. त्यात आम्ही आणि आमचा पुतण्या रोज सकाळी आपली जाहिरात दिसते का म्हणून शोधत बसायचो. शोधायचे आणि क्लिक करायचे नाही, यामुळे जाहिरातीचा दर्जा खाली येतो आणि ती दिसायची कमी होते, हे नंतर कळले. खाते एजंटच्या नावावर असल्यामुळे तो गेला तेव्हा सगळी माहितीही त्याच्याबरोबर गेली. खाते आपल्याच नावावर, आपल्याच ईमेलवर उघडावे. मदतनिसाला फक्त आत येण्याची परवानगी द्यावी.

पैसे न देता जे निकाल खाली दिसतात, त्यांत पहिल्या नंबराची खात्री कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच सांगते. जाहिरातीला पैसे दिले म्हणून ते निकालही वर सरकत नाहीत. ही दोन वाक्ये पाठ असती तर आमचे पंधरा हजार वाचले असते.

याउलट मिरजेचे उदाहरण पाहा. तिथल्या शिकलगार घराण्याने शस्त्रे घडवण्याचा पिढीजात धंदा मंदावल्यावर एकोणिसाव्या शतकात सतार आणि तंबोरे करायला घेतले. फरीदसाहेबांचे नाव त्यात पहिले घेतले जाते. पंढरपूरकडचा भोपळा आणि तूण लाकूड यांतून होणाऱ्या या वाद्यांचे नाव गवयांनी आणि वादकांनी देशभर नेले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हे गिऱ्हाईक मिरजेच्या रस्त्यावर चालताना सापडणारे नाही. ते पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात बसलेले आहे. त्याच्यापर्यंत पोचायला शोधयंत्रासारखे साधन नाही.

पण तिथेही खाचा आहेत. मिरजेत आपण 'तंबोरा' म्हणतो, बाहेरचे गिऱ्हाईक 'तानपुरा' असे इंग्रजी अक्षरांत लिहिते. जाहिरातीत गिऱ्हाइकाचा शब्द हवा. आणि 'तानपुरा' एवढाच शब्द घेतला तर मोबाइलवर फुकट वाजणारा तानपुरा उतरवून घ्यायला आलेल्यांची रांग लागेल. त्या प्रत्येक क्लिकचे पैसे कारागिराच्या खिशातून. म्हणून 'ॲप', 'डाउनलोड', 'फ्री' हे शब्द वगळायचे आणि 'मिरज तानपुरा किंमत' अशासारखे नेमके शब्द घ्यायचे. असे शब्द टाकणारे थोडे असतात, पण ते खरेच खरेदीला निघालेले असतात.

आता हिशेब करू. पुढचे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, ते बाजारभाव नव्हेत. समजा एका क्लिकला 8 रुपये पडतात. 100 क्लिकचे 800, जीएसटी धरून 944. शंभरांतून पाच जणांनी फोन केला आणि पाचांतून एकाने खरेदी केली. तंबोरा विकून कारागिराला 4,000 रुपये सुटत असतील तर जाहिरात जाऊन 3,056 हातात राहिले. तोच खर्च आम्ही शर्ट पीसवर केला आणि एका पीसमागे 60 रुपये सुटले, तर 944 रुपये नुसते भरून काढायला 16 पीस विकावे लागतील. शंभर क्लिकमागे एकच गिऱ्हाईक आले आणि ते सोळा पीस नेणारे नसेल, तर जितकी जाहिरात जास्त तितका तोटा जास्त. जाहिरात तीच, गिऱ्हाईकही तितकेच. फरक एका विक्रीत सुटणाऱ्या पैशांचा.

म्हणून शर्ट पीसची जाहिरात आम्ही बंद केली आणि लग्नाच्या बस्त्याची लावली. बस्ता बांधायला येणारे घर एका बैठकीत साड्या, शेरवानी, मानपानाचे कपडे असे सगळे घेते. क्लिक महाग पडले तरी ते पेलते. ठिकाण सातारा, कोरेगाव, जावळी आणि वाई एवढेच ठेवले. रोजची मर्यादा 200 रुपये. इथे एक सांगायला हवे. एखाद्या दिवशी गूगल मर्यादेच्या दुप्पटही खर्च करते, महिन्याचा मेळ मात्र रोजच्या रकमेच्या 30.4 पटीच्या आत बसवते. पहिल्याच दिवशी 400 गेलेले पाहून घाबरून जाऊ नये, पण हाती तेवढे पैसे मोकळे नसतील तर मुळात सुरूच करू नये. उसनवारीवर किंवा क्रेडिट कार्डाच्या व्याजावर जाहिरात चालवणारे दुकानदार आम्ही पाहिले आहेत. व्याजच नफा खाऊन जाते.

ज्याच्याजवळ जाहिरातीला पैसे नाहीत त्याने गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करावी. ती पूर्णपणे मोफत आहे. फोनवरून "नोंदीचे पैसे भरा, नाहीतर दुकान नकाशावरून जाईल" असे कोणी सांगितले तर तो ठग समजावा आणि मोबाइलवर आलेला आकडा त्याला सांगू नये. या नोंदीत दुकान वर दिसणे तीन गोष्टींवर ठरते : माल प्रश्नाशी जुळणे, गिऱ्हाइकापासूनचे अंतर आणि दुकानाची ख्याती. अंतर आपल्या हातात नाही. साताऱ्याचे दुकान पुण्यातल्या माणसाला 'जवळचे' म्हणून दिसणार नाही. पण वेळा बरोबर लिहिणे, जुम्म्याला दुपारी दुकान बंद असेल तर तसे नोंदवणे, मालाचे ताजे फोटो घालणे, अभिप्रायाला सभ्य उत्तर देणे हे हातात आहे. बंद दुकानासमोर उभे राहिलेले गिऱ्हाईक परत येत नाही.

आम्ही गल्ल्याजवळ एक वही ठेवली आहे. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारतो, "आमचे दुकान कसे कळले?" आणि उत्तर त्यात लिहितो. गेल्या हंगामात सहा आठवडे जाहिरात चालली. खर्च जीएसटीसह साडेनऊ हजारांच्या आसपास गेला. वहीप्रमाणे जाहिरातीवरून चार बस्ते आले, नकाशावरून सात, आणि जुन्या गिऱ्हाइकांनी पाठवलेले एकोणीस. चार बस्त्यांत खर्च निघून थोडे सुटले. यंदाही तेवढेच सहा आठवडे चालवणार आहोत, रक्कम वाढवायची नाही असे ठरले आहे. पुतण्या मात्र दुप्पट करा म्हणतो.