तरुण गोलंदाज पारखताना : अभनपुरात शिकलेल्या आठ गोष्टी

अभनपूर हे रायपूरहून धमतरीकडे आणि राजिमकडे जाणाऱ्या वाटांवरचं गाव. नवा रायपूरचं शहीद वीर नारायण सिंह स्टेडियम इथून दुचाकीवर अर्ध्या तासाची वाट. मराठी घरं या भागात मोजकीच, पण चहाच्या ठेल्यावर क्रिकेटचा विषय निघाला की छत्तीसगडी, हिंदी आणि मराठी एकाच बाकावर बसतात. माझं आजोळ नागपूरचं. त्यामुळे विदर्भाचा संघ आपला आणि छत्तीसगडचाही आपलाच.

छत्तीसगडला स्वतःचा रणजी संघ मिळाला तो २०१६-१७च्या हंगामात. त्याआधी इथली मुलं मध्य प्रदेशकडून खेळायची. मोहम्मद कैफच्या कप्तानीखाली पहिल्याच सामन्यात आपल्या संघाने त्रिपुराला नऊ गडी राखून हरवलं, आणि आमच्या ठेल्याला कायमचा विषय मिळाला. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास तो सुरू होतो. यंदा नवा चेंडू कोणाच्या हातात द्यायचा? कोणत्या पोरात दम आहे? कोण पुढे जाईल, कोण दोन हंगामांत दिसेनासा होईल? भारताच्या संघातल्या नव्या वेगवान गोलंदाजांवरही तितक्याच तावातावाने बोललं जातं. या वादांत वर्षानुवर्षं बसून जे पक्कं झालं, ते इथे लिहितो आहे.

१. वेगाच्या आकड्यावर भाळू नका

मयंक यादवने २०२४च्या आयपीएलमध्ये ताशी १५६.७ किलोमीटर वेगाने चेंडू टाकला, तेव्हा माझा भाचा उड्या मारत आला. "मामा, असा पोरगा आपल्याकडे कधी झालाच नाही!"

मी म्हटलं, "अरे, वेग तर आहेच. पण सहाच्या सहा चेंडू कुठे पडले ते बघितलंस का?" त्याने पुन्हा बघितलं आणि तोच सांगायला लागला, की त्या मुलाचा खरा गुण वेगासोबतचा अचूक टप्पा आहे.

वेगाचा आकडा पडद्यावर आपोआप झळकतो, टप्पा मात्र आपणच शोधावा लागतो. म्हणून मी नेट बघायला गेलो की गोलंदाजाच्या पाठीमागे, सरळ रेषेत उभा राहतो. आमच्या इथला एक प्रशिक्षक ऑफस्टंपच्या किंचित बाहेर, गुड लेंथवर एक जुना कॅनव्हासचा बूट ठेवतो. बुटाच्या आसपास टप्पा पडला की मोठ्याने "हां!" म्हणतो, नाही पडला की गप्प राहतो. दमलेला मुलगा शेवटच्या षटकात किती "हां" मिळवतो, ते मोजावं. त्याचा अंदाज तिथेच येतो.

नुसत्या खांद्याच्या ताकदीवर गोलंदाज होत नाही, हे बेसबॉलवाल्यांनाही ठाऊक आहे. २००८ साली रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशचे दोन भालाफेकपटू एका स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी संघाने त्यांना करारबद्ध केलं. ज्या खेळाशी आयुष्यात संबंध आला नव्हता, त्यात तिथवर पोचणं हे मोठंच काम. पण दोघांपैकी कोणीही मुख्य लीगपर्यंत गेला नाही. जोर अंगात होता. चेंडू हवा तिथे टाकण्याची कला मात्र अमेरिकेतली मुलं लहानपणापासून घोटत आलेली असतात.

२. आधी मैदान आणि वेळ बघा, मग गोलंदाज

आपल्या स्टेडियमनेच हा धडा दोनदा दिला आहे. २१ जानेवारी २०२३ रोजी इथे पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. दुपारी ताज्या खेळपट्टीवर न्यूझीलंडची अवस्था ५ बाद १५ झाली आणि सगळा संघ १०८ धावांत आटोपला. मोहम्मद शमीने १८ धावांत तीन गडी टिपले. त्या रात्री ठेल्यावर सगळे एका सुरात म्हणाले, "आपली गोलंदाजी जगात भारी."

त्याच मैदानावर ३ डिसेंबर २०२५ रोजी भारताने ३५८ धावा केल्या. विराट कोहलीचं शतक झालं, पुण्याच्या ऋतुराज गायकवाडचं पहिलं एकदिवसीय शतक झालं. तरी दक्षिण आफ्रिकेने शेवटच्या षटकात चार गडी राखून सामना जिंकला. दुसऱ्या दिवशी तरुण गोलंदाजांची नुसती झोडपणी चालली होती.

मी तेव्हाही हेच म्हणत होतो की रात्रीचं दव आठवा. डिसेंबरात या भागात सूर्य मावळला की गवत ओलं व्हायला लागतं. ओला चेंडू बोटांत बसत नाही, शिवणीवर पकड राहत नाही, यॉर्कर टाकायला जावं तर फुलटॉस होतो. अशा रात्री अनुभवी हातसुद्धा चुकतात. तरुण गोलंदाजाने किती धावा दिल्या हे विचारण्याआधी, चेंडू कोरडा होता की ओला, हे विचारायला हवं.

३. पाठ वाचली तर गोलंदाज वाचला

वेगवान गोलंदाज चेंडू सोडताना पुढचा पाय सरळ आपटतो. सकाळचा सराव संपल्यावर क्रीझजवळ जाऊन बघा. जिथे पुढचा पाय पडतो तिथे तळहाताएवढा खड्डा झालेला असतो, माती भुसभुशीत झालेली असते. तो दणका मातीत जातो तसा टाच, गुडघा, कंबर करत पाठीच्या कण्यातही जातो, आणि शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. त्याच क्षणी पाठ वाकलेली आणि वळलेली असते. विशीच्या आतल्या मुलाच्या कण्याची हाडं अजून पक्की व्हायची असतात. म्हणूनच वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्यांना बारीक तडे जातात.

कमलेश नागरकोटीचं उदाहरण ताजं आहे. २०१८च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात त्याच्या वेगाने सगळ्यांना वेड लावलं. कोलकात्याच्या संघाने त्याला ३.२ कोटींना घेतलं. मग दुखापतींनी गाठलं आणि आयपीएलमधला पहिला सामना खेळायला २०२० साल उजाडलं. मयंक यादवचंही पाठीच्या दुखण्याने बरंच नुकसान झालं.

इकडे गावागावांत धानाची कापणी झाली की स्पर्धा सुरू होतात. चांगला टाकणारा मुलगा सकाळी एका गावाकडून, दुपारी दुसऱ्या गावाकडून आणि रात्री दिव्यांच्या उजेडात तिसऱ्या संघाकडून खेळतो. बक्षिसाची रक्कम सगळ्यांना दिसते, त्याची कंबर कोणी बघत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने दिवसात किती चेंडू टाकले याचा हिशेब घरच्यांनी वहीत ठेवावा. "कंबर दुखते" असं तो म्हणाला, तर ते आळसाचं लक्षण न मानता त्याला डॉक्टरकडे न्यावं.

४. विशी-पंचविशी म्हणजे उशीर नव्हे

"एकोणीस वर्षांखालच्या संघात नाही आला, आता काय होणार?" हे वाक्य ठेल्यावर फार ऐकू येतं. मला ते पटत नाही, कारण माझ्या आजोळाने त्याचं उत्तर दिलेलं आहे. उमेश यादव हा नागपूरजवळच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. विशीपर्यंत तो टेनिस बॉलच खेळत होता. २००८ साली विदर्भाकडून पहिला प्रथमश्रेणी सामना खेळला आणि तीन वर्षांत, नोव्हेंबर २०११मध्ये, भारताकडून कसोटी खेळला. विदर्भाचा तो पहिलाच कसोटीपटू. पुढे ५७ कसोटींत १७० बळी.

रजनीश गुरबाणीने आधी सिव्हिल इंजिनिअरिंग पुरं केलं. त्याचा वेगही धडकी भरवणारा नव्हता. पण २०१७-१८च्या हंगामात त्याने ३९ बळी घेतले. कर्नाटकाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दुसऱ्या डावात सात गडी बाद करून विदर्भाला पाच धावांनी विजय मिळवून दिला, आणि इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली. विदर्भाचं ते पहिलं रणजी विजेतेपद.

लवकर येणारं धान असतं तसं उशिरा येणारंही असतं, आणि कोठीत दोन्हींना जागा असते. मुलगा बावीस वर्षांचा झाला म्हणून त्याच्या नावावर काट मारू नये.

५. एका षटकावरून निकाल देऊ नका

हा धडा श्रीरामपूरच्या झहीर खानचा. २००३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने पहिल्याच षटकात १५ धावा दिल्या. तेव्हा त्याला काय काय ऐकावं लागलं, हे आपल्या पिढीला आठवत असेल. पुढे तो संघाबाहेरही गेला. २००६ साली इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून खेळताना त्याने भरपूर षटकं टाकली, ७८ बळी घेतले आणि हात घासूनपुसून परत आला. २००७ची इंग्लंडमधली मालिका त्याने गाजवली. २०११च्या विश्वचषकात २१ बळी घेतले आणि वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात पहिल्या पाच षटकांत तीन निर्धाव टाकून सहा धावांत एक गडी टिपला.

२००३चं ते षटक आणि २०११चा तो स्पेल एकाच हातातून आले. मधली आठ वर्षं त्याने काम केलं आणि निवड समितीने त्याला परत दार उघडलं. मी तरी आता कोणत्याही तरुण गोलंदाजाबद्दल तीन पूर्ण हंगाम बघितल्याशिवाय शेवटचं मत देत नाही.

६. जपायचं की वापरायचं, याला सोपं उत्तर नाही

हा वाद फक्त आपला नाही. अमेरिकेत बेसबॉलमधल्या तरुण पिचरवरून, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावरून, लोक पिढ्यान्‌पिढ्या भांडत आले आहेत. वॉशिंग्टन नॅशनल्सचा स्टीवन स्ट्रासबर्ग २०१०मध्ये आला आणि पहिल्याच सामन्यात त्याने १४ फलंदाजांना स्ट्राइकआउट करून बाद केलं. त्याच वर्षी कोपराचा अस्थिबंध तुटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. २०१२मध्ये संघ ऐन भरात असताना, १६० इनिंगच्या आसपास टाकून झाल्यावर व्यवस्थापनाने त्याला थांबवलं. संघ बाद फेरीत हरला. चाहत्यांनी वर्षानुवर्षं बोल लावले. २०१९मध्ये त्याच संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली आणि मालिकेचा मानकरी ठरला स्ट्रासबर्ग. त्यानंतर मात्र दुखापतींनी त्याला उभं राहू दिलं नाही.

जपूनही हमी मिळत नाही, पण न जपता २०१९ उजाडलं असतं असं मला वाटत नाही. आपल्या संघाने एखाद्या मुलाला महत्त्वाच्या सामन्यात बसवलं तर लगेच "राजकारण आहे" म्हणू नये. कदाचित त्याच्या पुढच्या पाच वर्षांचा विचार कोणीतरी केला असेल.

७. फिरकी टाकणारं पोरही गोलंदाजच असतं

तरुण गोलंदाज म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लांब रनअप येतो. पण या मातीची ओळख फिरकीने करून दिली आहे. भिलाईच्या राजेश चौहानने भारताकडून २१ कसोटी खेळल्या आणि त्यातली एकही भारत हरला नाही. छत्तीसगडचा डावखुरा फिरकीपटू अजय मंडल याला चेन्नईच्या संघाने २०२३च्या आयपीएलसाठी घेतलं. विदर्भाच्या हर्ष दुबेने २०२४-२५च्या रणजी हंगामात ६९ बळी घेतले. एका हंगामातला हा विक्रम आहे, आणि विदर्भाने त्या वर्षी तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला.

फिरकीला वय लागतं, मार खायची तयारी लागते आणि कप्तानाचा विश्वास लागतो. षटकार बसल्यावरही पुढचा चेंडू उंच सोडायची हिंमत ज्या मुलात दिसेल, त्याच्यावर लक्ष ठेवा.

८. आपलं बोलणं त्या मुलाच्या कानावर पडतं

भारताच्या संघातला मुलगा आपल्या ठेल्यावरचं ऐकत नाही. अभनपूरचा, राजिमचा, आरंगचा मुलगा मात्र ऐकतो. त्याचे वडील त्याच बाकावर चहा पितात. "याच्यात काही दम नाही" हे वाक्य रात्री घरी पोचतं आणि सकाळी मुलगा सरावाला येत नाही, असं मी बघितलेलं आहे. मतं जरूर असावीत, ती सांगावीतही. पण सांगताना काय सुधारायला हवं ते सांगावं. "टप्पा आखूड पडतोय, मनगट शिवणीच्या मागे ठेव" हे वाक्य त्याच्या उपयोगाचं आहे.

शेवटी एकच विनंती. रणजीचे सामने नवा रायपूरला होतात. गर्दी नसते, गोलंदाजाच्या मागे हवी तशी जागा मिळते. आता रायपूर-अभनपूर मोठ्या लाइनची गाडीही धावते आहे, बाहेरगावच्या मित्रांना येणं सोपं झालं आहे. या हिवाळ्यात एक पूर्ण दिवस काढा, घरातल्या मुलाला सोबत घ्या आणि आपल्या संघाचा तरुण गोलंदाज सकाळच्या पहिल्या षटकापासून संध्याकाळच्या शेवटच्या षटकापर्यंत बघा. मग ठेल्यावर या, आणि मनसोक्त वाद घाला.