मस्जिदीखालचा तलाव



प्रत्येक सजीव वस्तू अल्लाहने पाण्यापासून निर्माण केली, असे पवित्र कुरआन सांगतो (21:30). नमाजपूर्वी वुजूसाठी आपले हात प्रथम पाण्याकडेच जातात. म्हणूनच पूर्वजांनी मस्जिदी उभारताना पाण्याचाही विचार केला.

ट्युनिशियातील कैरवान येथे हजरत उकबा बिन नाफे यांनी इ.स. 670 (हि. 50) मध्ये मस्जिदीचा पाया घातला. तिचे आजचे रूप मुख्यतः नवव्या शतकातील आहे. प्रदेश कोरडा असल्याने तिचे विस्तीर्ण अंगण एका ठिकाणी उतरते केले आहे. पावसाचे पाणी तेथील कोरीव कुंडीत येते, गाळ मागे राहतो आणि निवळलेले पाणी जमिनीखालील टाक्यांत साठते.

असाच विचार आपल्या मुंबईतही दिसतो. पालघर-बोईसरहून मुंबईस जाणाऱ्या अनेकांनी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मस्जिदीत नमाज अदा केली असेल. ही जागा मूळची एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची बाग व तलाव. सुमारे 1778 मध्ये त्याने मस्जिदीस संमती दिली, परंतु एका अटीवर : तलाव कायम राखला जावा. बांधकाम 1802 मध्ये पूर्ण झाले. तलावाच्या तळाशी जिवंत झरे आहेत. पुढे 1874 मध्ये पाण्यातून काळ्या दगडाच्या सोळा कमानी उभारण्यात आल्या आणि मस्जिदीचा भार त्यांनी पेलला. जागा भरून काढणे सोपे होते. तरीही दिलेला शब्द पाळला गेला. यालाच अमानत म्हणतात.

आता आपल्या परिसराकडे पाहा. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने नाले व खाड्या दूषित झाल्या. हा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला. आपल्यापैकी कित्येकांची रोजीरोटी याच कारखान्यांत आहे. म्हणून दोष केवळ इतरांना देऊन आपली जबाबदारी संपत नाही. कामावर असताना पाण्यात काय सोडले जाते, याचीही विचारणा अल्लाहच्या दरबारी होईल.

सुरुवात वुजूपासून करू या. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द, म्हणजे लिटरपेक्षाही कमी पाण्यात वुजू करीत, असे हजरत अनस (रजि.) यांनी सांगितले आहे (बुखारी, मुस्लिम). आपण मात्र नळ मोकळा सोडून बोलत उभे राहतो. मुलांना घेऊन जामा मस्जिदीत जाल, तेव्हा त्यांना तो तलाव अवश्य दाखवा आणि त्या व्यापाऱ्याची अटही सांगा.

अल्लाह आपणा सर्वांना पाण्याची अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.