आधी वाघीण, मग इंजिन

चिंचवड,
रविवार

चि. मुक्ता हिस,


तुझं पत्र आणि फोटो, दोन्ही मिळालं. ग्योपिंगेनच्या म्यूझियममध्ये मेर्कलिनच्या ‘क्रोकोडाइल’ इंजिनासमोर तू उभी आहेस आणि कपाळावर तीच आठी आहे. सातव्या वर्षी कोथरूडला भाऊसाहेब जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात काचेला नाक लावून उभी होतीस, तेव्हाची. त्या दिवशी तुला घरी आणायला आइस्क्रीमची लाच द्यावी लागली होती. आता लाच चालणार नाही असं दिसतं.

स्टुटगार्टची नोकरी सोडायची, पुण्याला परतायचं आणि डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणाचं, मॉडेल काढायचं, खोक्यातून काढलं की थेट रुळावर धावेल असं : हा तुझा बेत वाचला. ताई, तुझी आई, फोनवर रडली. तिची समजूत मी काढतो, ते माझ्यावर सोड. बदल्यात माझं एक ऐक. पहिलं मॉडेल इंजिनाचं करू नकोस. मालगाडीच्या वाघिणीचं कर.

कारण सांगण्याआधी माझी फजिती ऐक. तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. भोसरीला टूलरूम नुकती सुरू झाली होती. हाताशी मशीन होतं आणि डोक्यात इंजिन. मी डब्ल्यूडीएम-२ चे चाळीस नग काढले. जाळ्या, दांडे, पायऱ्या, सगळं जागच्या जागी. माझ्या माळ्यावरच्या रुळांवर ते असं धावायचं की बघत बसावं. चाळीसांपैकी एकतीस परत आले. माळ्यावरची माझी वळणं ऐसपैस होती. गिऱ्हाइकांच्या घरी सेटबरोबर मिळालेले ४३८ मिलिमीटर त्रिज्येचे रूळ होते. डब्ल्यूडीएम-२ च्या प्रत्येक बोगीत तीन आस. वळणावर मधल्या आसाला बाजूला सरकायला जागा लागते, ती मी ठेवलीच नव्हती. मधलं चाक रुळावर चढायचं आणि इंजिन आडवं. एका गृहस्थांनी परत पाठवताना खोक्यात चिठ्ठी ठेवली होती : ‘साहेब, इंजिन कपाटात छान दिसतं. पण कपाटात ठेवायला माझ्याकडे गणपतीची आरास आहे.’ ती चिठ्ठी अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

‘तयार मॉडेल’ म्हणजे काय, हे मला त्या चिठ्ठीने शिकवलं. किट विकणारा गिऱ्हाइकाच्या हातांवर भिस्त ठेवू शकतो. नाही बसलं, तर तो कानस मारून घेईल. तयार मॉडेल विकणाऱ्याला ही सोय नाही. आपण न पाहिलेल्या घरी, न पाहिलेल्या रुळावर, ते पहिल्या मिनिटाला धावलं पाहिजे. ही परीक्षा वाघीणसुद्धा पूर्ण देते. चाकं, वजन, कपलिंग, छपाई, पॅकिंग, कुरिअरवाल्याची आदळआपट : नापास होण्याच्या या सगळ्या जागा तिच्यातही आहेत. नाहीत ते फक्त मोटार, गिअर आणि सर्किट. म्हणजे चूक व्हायचीच असेल तर ती स्वस्तात होते.

दुसरं कारण विक्रीचं, आणि ते तुझ्या त्या ग्योपिंगेनमध्येच आहे. मेर्कलिनची सुरुवात १८५९ साली आगगाडीने झाली नाही, भातुकलीने झाली. थिओडोर मेर्कलिन पत्र्याची भांडीकुंडी करायचा, बाहुलीघरासाठी. १८६६ साली तो गेला, तेव्हा त्याच्या बायकोने, कॅरोलिनने, धंदा बंद न करता तगवला आणि पुढे १८८८ मध्ये मुलांनी हाती घेतला. (ताईला हे मुद्दाम वाचून दाखव.) १८९१ च्या लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी किल्लीची आगगाडी मांडली. खेळण्यातल्या गाड्या त्याआधीही होत्या; यांनी रुळांची रुंदी ठरवून दिली आणि आज घेतलेल्या गाडीला पुढच्या वर्षी घेतलेला डबा आणि रूळ जोडता येतील अशी व्यवस्था केली. हा हिशोब भातुकलीचाच होता. चूल एकदाच घेतात, भांडी दर वाढदिवसाला. तुझ्या धंद्यात इंजिन ही चूल आहे आणि वाघिणी ही भांडी.

म्हणून बॉक्सएन घे. कोळशाची ती उघडी वाघीण देशभर दिसते, सगळ्यांच्या ओळखीची आहे. खरी कपलिंगपासून कपलिंगपर्यंत १०,७१३ मिलिमीटर, म्हणजे एचओमध्ये साधारण १२.३ सेंटिमीटर. ५८ वाघिणींची पूर्ण मालगाडी लावायची म्हटली तर सात मीटरच्या वर जाते, दिवाणखाना संपेल. अठ्ठावन्न कुणी घेणार नाही, पण एक घेऊनही कुणी थांबणार नाही. आणि ज्याच्याकडे परदेशी इंजिन आहे, तोही तिच्या मागे ही जोडेल.

आता रुळांच्या रुंदीचा प्रश्न. यावर तू पत्राची दोन पानं खर्च केलीस. एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा. ८७ ने गुणलं की १४३५ येतात, म्हणजे युरोपची रुंदी. आपली ब्रॉडगेज १६७६. ८७ ने भागलं तर १९.३ च्या जवळ. पावणेतीन मिलिमीटर कमी पडतात, आणि तुला ते सलतात. मलाही सलतात. पण १९.३ चा हट्ट धरलास तर रूळ तुलाच करावे लागतील, सांधेही, क्रॉसिंगही. म्हणजे वाघीण विकायला निघालीस आणि आधी रेल्वे बांधत बसलीस. दुसऱ्यांनी काय केलं बघ. इंग्लंडची इंजिनं युरोपातल्यांपेक्षा अंगाने लहान; त्या काळची मोटार १:८७ च्या बॉडीत मावेना. त्यांनी रूळ १६.५ चाच ठेवला आणि बॉडी १:७६ ची केली. हिशोबाने रूळ १८.८३ चा हवा होता. त्याबद्दल तिथले चोखंदळ लोक आजही कुरकुरतात, आणि बहुतेक देश तेच घेतो. जपानची बहुतेक रेल्वे १०६७ मिलिमीटरची. तिथे एन गेजचं प्रमाण १:१५० धरलं आणि मॉडेलं ९ मिलिमीटरच्या त्याच जगभरच्या रुळावर उभी केली. धावण्यात खोट असेल तर माणूस माल परत पाठवतो. ठेवणीत पावणेतीन मिलिमीटरची खोट असेल तर तो बोगीच्या बाजूच्या फ्रेम जरा बाहेर घेतलेल्या बघून समाधान मानतो. १६.५ घे आणि पुढे चल.

साच्याबद्दल तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे थोडंच उरलं आहे, पण दोन-तीन गोष्टी पुस्तकात सापडणार नाहीत. बॉक्सएनच्या चारही भिंतींना बाहेरून उभे खांब आहेत, म्हणजे साच्याला चारही बाजूंनी स्लाइड लागणार. त्यात काटकसर करून चार भिंती वेगळ्या ओतून चिकटवायचा मोह होईल. करू नकोस, कोपऱ्यातली फट फोटोत हमखास दिसते. एबीएस प्लॅस्टिक साधारण अर्धा टक्का आकसतं. बारा सेंटिमीटरवर ते अर्ध्या मिलिमीटरहून जास्त, म्हणजे खऱ्या वाघिणीवर पाच सेंटिमीटर. आणि खऱ्या पत्र्याची जाडी प्लॅस्टिकमध्ये येणारच नाही. भिंत जाड ठेव, पण वरची कड आतून उतरती कर. डोळा कड बघतो, भिंत बघत नाही.

खरी अडचण वजनाची. अमेरिकेच्या एनएमआरए संघटनेची शिफारस आहे : एचओच्या डब्याला एक औंस, आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. तुझ्या वाघिणीला ते सत्त्याण्णव ग्रॅमच्या आसपास जातं. खऱ्या बॉक्सएनचं रिकामं वजन साडेबावीस टन. ते सगळ्या बाजूंनी प्रमाणात लहान केलं तर चौतीस ग्रॅम भरतं. इतकी हलकी वाघीण लांब गाडीत वळणावर आतल्या बाजूला ओढली जाते आणि कलंडते. बंद डब्यात वजन लपवता येतं, उघड्यात कुठे लपवणार? तळाचा सांगाडा डायकास्ट कर, आणि वर काढता-घालता येईल असा कोळशाचा ढीग दे, त्याच्या पोटात वजन. एजेक्टर पिनांचे वण त्याखाली आपोआप झाकले जातील. चाकं मात्र बाजारात मिळतील ती उत्तमातली घे आणि दोन चाकांमधलं अंतर आतल्या अंगाने मोजून बघ, १४.४ मिलिमीटरच्या आसपास. प्रत्येक सेट मोज. दहातला एक मोजून ‘लॉट पास’ म्हणायची आपल्याकडची सवय इथे चालत नाही.

डायकास्टिंगवरून आठवलं. जस्ताचा मिश्रधातू शुद्धच घे, आणि ओतणाऱ्याच्या डोक्यावर उभी राहा. त्यात शिसं शिरलं तर वस्तू त्या दिवशी ठणठणीत दिसते. मग हळूहळू आतून फुगते, तडकते, शेवटी भुसा होतो. दुसऱ्या महायुद्धाआधीची कितीतरी नामांकित मॉडेलं अशी संग्राहकांच्या कपाटात उभ्या उभ्या मेली. भट्टीवाला म्हणेल, ‘थोडा भंगार टाकला तर काय फरक पडतो?’ फरक वीस वर्षांनी पडतो, आणि तेव्हा खोक्यावर नाव त्याचं नसतं.

नंबर छापताना आळस करू नकोस. आपल्या वाघिणीवर अकरा आकडे असतात : जात, मालक रेल्वे, बांधणीचं वर्ष, अनुक्रमांक, आणि शेवटचा पडताळणीचा. पॅड प्रिंटिंगच्या प्लेटा निदान सहा-आठ वेगळ्या नंबरांच्या कर. एकाच नंबराच्या दहा वाघिणी ओळीने उभ्या राहिल्या की गाडी दिसत नाही, साचा दिसतो. आणि शेवटचा आकडा हिशोबाने बरोबर येऊ दे. कुणीतरी निवृत्त गार्ड बेरीज करून बघणार, याची खात्री बाळग.

आता पैसा. तुझ्या कागदावर ‘आगाऊ नोंदणीतून भांडवल’ अशी ओळ आहे. त्या ओळीखाली मी लाल रेघ मारली आहे. नोंदणी घे, त्यातून किती लोक घेतील हे कळतं. पण आलेला पैसा ठेव समज, गल्ला समजू नकोस. इंग्लंडमध्ये एका उत्पादकाने लोकांकडून हप्त्याने पैसे घेऊन वेगवान गाडीचं मॉडेल करायला घेतलं. २०१९ मध्ये कंपनी बुडाली, गाडी आली नाही आणि पैसेही गेले. जुन्या नावाचीही मिजास धरू नये. खुद्द मेर्कलिन २००९ मध्ये, आपल्या दीडशेव्या वर्षी, दिवाळखोरीत गेली आणि सावरून २०१३ मध्ये दुसऱ्या खेळणी-घराण्याच्या हाती आली. १९४६ पासूनचं हॅटन्ससारखं मातब्बर दुकान २०२४ मध्ये बंद झालं. या धंद्यात साच्याचा पैसा आज जातो आणि वर्षा-दोन वर्षांनी थेंब थेंब परत येतो. मधल्या काळात जगायला काय आहे, ते आधी लिहून काढ. साचा आपल्याच परिसरात ठेव, जिथे स्कूटरवरून जाऊन बघता येईल. आणि कायद्याचंही आत्ताच बघ : २०२१ च्या जानेवारीपासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. तुझा माल खेळणं की संग्राहकाची वस्तू, हे साचा कापण्याआधी ठरवायचं.

सुट्या भागांचा डबा पहिल्या दिवसापासून भरून ठेव. तुटलेली पायरी, हरवलेलं कपलिंग मागणाऱ्याला आठवड्यात मिळालं की तो माणूस दुसऱ्या वाघिणीचं गिऱ्हाईक होतो. कपलिंगसाठी सगळीकडे चालणारा, एनईएम या युरोपीय मानकाचा खाचा ठेव. आपलं आवडतं कपलिंग त्याचं तो बसवेल.

आणि वाघिणी खपल्या, परत आलेल्या हाताच्या बोटांवर मोजता आल्या, की मग इंजिन. पण डब्ल्यूडीएम-२ च का? तुझ्या फोटोतल्या त्या मगरीचं, म्हणजे खऱ्या ‘क्रोकोडाइल’ इंजिनाचं, यांत्रिक काम विंटरथुरच्या एसएलएम कारखान्याचं. त्याच कारखान्याने १९२८ च्या सुमारास जीआयपी रेल्वेसाठी आपल्या घाटांत मालगाड्या ओढणारी पहिली विजेची इंजिनं बांधली, उरलेली इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीने. आपले ड्रायव्हर त्याला मगर नाही म्हणाले, ‘खेकडा’ म्हणाले. घाटातल्या वळणांसाठी त्याचं अंग सांध्यांनी जोडलेलं आहे. ४३८ च्या वळणावर असं अंग किती कामाचं, हे एकतीस इंजिनं परत घेतलेल्या माणसाला विचार.

पुढच्या पत्रात डब्ल्यूडीएम-२ चं नको, बॉक्सएनचं ड्रॉइंग पाठव. दिवाळीला येशील तेव्हा नमुन्याच्या दहा घेऊन ये. माळ्यावर मी नंतर ४३८ चं एक वळण टाकून घेतलं. परत आलेल्या इंजिनांपैकी एकाचा मधला आस मोकळा करून ठेवलाय. तुझ्या वाघिणी तेच ओढेल.

तुझा,
अण्णामामा